नाकासमोरचा नकाशा

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

नकाशेबुवा,

पत्रास कारण फार मोठं नाही. पाय सुजले आहेत, ते समोरच्या खुर्चीवर टाकले आहेत आणि सहलीच्या मंडळींच्या जेवणाला अजून अवकाश आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज उघडत नाहीस, हे तुझ्या बायकोकडून कळलं. पण घरात कागद आला की तू तो हातात घेणार, बोटांनी चाचपणार, उजेडात धरून बघणार. बाबांच्या प्रेसमध्ये वाढलेली आपली जात. म्हणून कागद.

मी त्याच शहरात आले आहे. हॉटेलही तेच. मुद्दाम नाही, एजंटाला ऐन वेळी दुसरं काही मिळालं नाही.

स्वागतकक्षातली मुलगी बदलली आहे, लिफ्ट तशीच रडते. न्याहारीच्या खोलीतल्या खुर्च्या अजून इतक्या जड आहेत की आपल्या वयाची माणसं बसल्यावर त्या पुढे ओढायला मलाच धावावं लागतं. घोळका पंधरा जणांचा. दोन सख्ख्या बहिणी आहेत, दोघींना सगळे मावशीच म्हणतात. एक विसरते आणि दुसरी तिला ते आठवून देते, तेही चुकीचं. एक होकायंत्रवाले काका आहेत. आयुष्य जहाजावर गेलं, आता मनगटावर घड्याळाच्या जागी होकायंत्र बांधतात. वेळ बायकोला विचारतात. काकू म्हणतात, "चाळीस वर्षं यांनी मला दिशा सांगितली. जायचं कुठे ते मात्र कधी सांगितलं नाही."

तू असतास तर तुला आवडले असते. पूर्वी बरं होतं. तू नकाशा, मी छत्री. तू आदल्या दिवशी एकटा जाऊन गल्ल्या पालथ्या घालायचास, रात्री कागदावर रेघा मारायचास, आणि मी दुसऱ्या दिवशी पिवळी छत्री उंच धरून पुढे चालायचे. मला दिशा कळत नाहीत हे कुणाला कधी कळलंही नाही. आता दोन्ही कामं माझ्या गळ्यात. फोनवरची बाई सांगते, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. मी वळते. मग ती म्हणते, मार्ग पुन्हा शोधत आहे. मी म्हणते, शोध बाई, मीही तेच करते आहे.

निघायच्या आधी तुझ्या बायकोशी बोलले. ती म्हणाली, "ताई, कोपऱ्यावरच्या दुकानात जातानासुद्धा आता मला म्हणतात, चल बरोबर. परवा दूध आणायला शेजाऱ्यांना नेलं. बाहेर पडतात आणि दारातच उभे राहतात, आपण नाही का पोहायला उतरायच्या आधी उभे राहत, तसे."

डॉक्टरकडे मात्र तू जाणार नाहीस. तुझं तूच ठरवून टाकलंस की बाबांचं झालं तेच आता तुझं. यावर मी काही बोलले की तुला वाटतं, ताई समजूत घालते आहे. म्हणून बोलत नाही. फक्त पत्र लिहिते.

जेवणाची घंटा झाली. एका मावशीला तिची खोली सापडत नसणार.

ताई

५ ऑक्टोबर, दुपार

अरे,

कालच्या पत्रात एक खोटं लिहिलं, ते आधी निस्तरते. एजंटाने मला तीन हॉटेलं दाखवली होती. हे मी निवडलं. शहरही मीच निवडलं. आणि येताना तुझा त्या वेळचा नकाशा काढून त्याच्या प्रती करून आणल्या. मला एकदा स्वतः चालून बघायचं होतं, काय चुकलं ते.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी धड बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरून निघून गेलास आणि सहलीचा उरलेला भाग मी एकटीने ओढला. आता कागदावर तू मला अडवू शकत नाहीस, तेव्हा मी पाहिलं ते सांगते.

भूगोलाच्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, पाठ ताठ, बूट चकचकीत. त्यांना थोडं आरामात यायचं होतं. म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा, माझ्याकडे नकाशा आहे." बाकी सगळे माझ्या छत्रीमागून कारंज्याच्या चौकात पोचले. बाई आल्याच नाहीत. तू एका गल्लीतून दुसरीत धावत होतास, मी चौकात उभी. एकाने जागा सोडायची नाही आणि दुसऱ्याने शोधायचं, हा आपला नियम. संध्याकाळी पोलिसांनी त्यांना ट्रामच्या डेपोजवळून आणलं. तो कुठे आहे हेही आपल्याला माहीत नव्हतं.

मग लॉबीत त्या उभ्या राहिल्या, हातात तुझा कागद. आवाज वर्गातला. "पूल पश्चिमेला दाखवला आहे. मी पश्चिमेला गेले. तिथे रेल्वेचा पूल आहे, नदीचा नाही. कारंजं तर नाहीच. हा नकाशा कुठल्या शहराचा काढलात तुम्ही?"

तू कागद घेतलास. बघितलास. बाहेर रस्त्याकडे बघितलंस. पुन्हा कागदाकडे. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मला प्रेसमधले बाबा दिसले.

तुलाही तेच दिसले असणार. लग्नपत्रिकेच्या मागे कार्यालयाचा नकाशा काढून द्यायचा हे बाबांचं खास काम. मजकूर कुठेही छापून मिळेल, नकाशा मात्र आमच्याकडेच, असं गावभर सांगायचे. आणि शेवटी त्या एका पत्रिकेत त्यांनी कार्यालय रस्त्याच्या भलत्या बाजूला काढलं. अर्धे पाहुणे समोरच्या लग्नात जाऊन जेवले, आहेराचं पाकीट भलत्याच नवरदेवाच्या हातात देऊन, आशीर्वाद देऊन आले. आपण किती हसलो होतो. पुढच्या पावसाळ्यात बाबांना प्रेसवरून घर सापडेना, तेव्हा हसणं थांबलं.

तर. आज सकाळी मंडळींना संग्रहालयात सोडलं आणि तुझा कागद घेऊन मी हॉटेलच्या दारात उभी राहिले. खाली हॉटेल, तिथून सरळ वर जाणारी रेघ. सरळ निघाले. दुसरी गल्ली, डावीकडे. तू लिहिलं आहेस 'हिरवं दार'. दार आता निळं आहे, पण खालचे पोपडे उडालेत तिथून हिरवं डोकावतं. पुढे नदीवरचा पूल, त्याच्या कठड्यावर दगडी मासा, तूही मासा काढला आहेस. पूल ओलांडला की कारंजं.

सगळं बरोबर आहे. मी दोनदा गेले, दोनदा परत आले. मला, जिला स्वतःच्या इमारतीचा मागचा जिना सापडत नाही, तिला तुझ्या कागदाने बरोबर नेलं.

मग बाई डेपोवर कशा गेल्या? ते मला कळलेलं नाही. तेव्हा एवढ्यावरून तुला काही सांगत नाही. तू म्हणशील, ताईने रस्ता पाठ केला असेल आणि आता माझं मन राखते आहे.

कागद मंडळींना वाटले आहेत. उद्या सकाळी ज्याने त्याने आपापल्या वेळेला चौकात यायचं. हे धाडस आहे, मला माहीत आहे. पण छत्री धरून धरून खांदा गेला आहे, आणि मलाही बघायचं आहे.

ताई

६ ऑक्टोबर, दुपार

लॉबीत बसून लिहिते आहे. हात मोकळे राहिले की भीती वाटते, म्हणून.

होकायंत्रवाले काका सापडत नाहीत.

बाकी सगळे पोचले. मावश्यासुद्धा. दोघी कागद गोल गोल फिरवत, भांडत, रस्त्यातल्या प्रत्येक निळ्या दाराला हात लावत, पण पोचल्या. काका सगळ्यांच्या आधी निघाले होते. मी खोलीत छत्री शोधत होते. खिडकी मागच्या गल्लीकडे उघडते, जिथे स्वयंपाकघरातले रिकामे क्रेट ठेवतात. तिथे मला ते दिसले. एका हातात तुझा कागद, दुसरं मनगट डोळ्यांसमोर. मला वाटलं, काकूंपासून चोरून सिगारेट ओढायला मागे आलेत. मी खिडकी लावून घेतली. मला हाक मारायला काय झालं होतं?

पोलिसांना कळवलं. फोन त्यांनी खोलीतच ठेवला आहे. त्यांचं म्हणणं, फोन माणसाला परावलंबी करतो. रक्तदाबाची गोळी चुकली आहे. मंडळींना हॉटेलच्या बसमध्ये बसवून शहर दाखवायला पाठवलं. आता मी इथे. जागा सोडायची नाही हे काम माझं. शोधायचं काम तुझं होतं. ते आता कोण करणार, सांग. मी उठून शोधायला गेले तर ते इथे येतील तेव्हा इथे कुणी नसेल, आणि मीही हरवलेली असेन.

काकू शेजारी आहेत. रडत नाहीत, चिडल्या आहेत. आत्ता म्हणाल्या, "तुम्ही नका काळजी करू. हे मरणार नाहीत, मला शिकवायचं अजून बाकी आहे."

मी विचारलं, "नकाशा नीट वाचता येतो ना काकांना?"

"येतो म्हणजे? त्यातच तर सगळा घोटाळा. घरात ताट वाढलं तरी भात उत्तरेला का नाही म्हणतील. हनिमूनला मी नकाशा माझ्याकडे वळवून धरला तर हातातून काढून घेतला. म्हणाले, नकाशा फिरवायचा नसतो. उत्तर कायम वर. माणसाने फिरायचं."

मी लिहायची थांबले. तुझा कागद मांडीवर ठेवला आहे. उत्तर वर.

अरे, या कागदावर उत्तर कुठे आहे?

कुठेच नाही. तू कधीच दाखवली नाहीस. बाबांनीही नाही. पत्रिकेच्या मागे खाली स्टँड, वर कार्यालय. "माणूस नाकासमोर चालतो, नकाशाही नाकासमोर हवा." पाहुणा स्टँडवर उतरेल, पत्रिका काढेल, चालू लागेल. त्याला उत्तर घेऊन काय करायचं आहे?

मी स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलं, आपलं दार कुठल्या दिशेला उघडतं. तिला वाटलं मला ऊन नको आहे. म्हणाली, दक्षिणेला.

काकूंना जागेवर बसवून मी निघते आहे. मागच्या दाराने.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ

सापडले. ठीक आहेत. गोळी घेतली, सूप प्यायले आणि आता काकूंचं ऐकत आहेत.

झालं ते सांगते, तू कागद समोर घेऊन बस. तुझ्याकडे मूळ प्रत आहेच, तू काहीच टाकत नाहीस.

दार दक्षिणेला. तू दारातून नाकासमोर निघालास, म्हणजे दक्षिणेला, आणि ती रेघ कागदावर वर काढलीस. म्हणजे तुझ्या कागदावर वर दक्षिण आहे. मावश्यांना याच्याशी देणंघेणं नाही, मलाही नाही. दारात उभं राहायचं आणि चालायचं. पण ज्याला नकाशा वाचता येतो तो काय करेल? कागदाचं वरचं टोक उत्तर धरेल. होकायंत्र बघेल, उत्तर हॉटेलच्या मागे आहे हे बघेल, आणि वळसा घालून मागच्या गल्लीत जाऊन तिथून छाती पुढे काढून निघेल. बरोब्बर उलटा.

मी तशीच गेले. क्रेटच्या गल्लीतून सरळ. दुसरी गल्ली, डावीकडे. तिथेही एक हिरवं दार निघालं, शप्पथ, गॅरेजचं. पुढे पूल, पण रेल्वेचा. बाईंचा आवाज कानात आला: तिथे रेल्वेचा पूल आहे, नदीचा नाही. पुलाखालून गेले आणि समोर लोखंडी फाटक, आत ओळीने उभ्या जुन्या ट्रामी. डेपो. तोच डेपो.

फाटकाशी बाकावर काका, शेजारी पहारेकरी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं एकाच पुड्यातली बिस्किटं खात होते. मला बघून काका उठले नाहीत.

"आलात? मी हरवलो नाही. मी जिथे असायला हवा तिथेच आहे. कारंजं हलवलंय यांनी."

मी त्यांच्या शेजारी बसले. पाय उरलेच नव्हते. म्हटलं, "काका, हा कागद उलटा धरून बघा." त्यांनी धरला. मनगट बघितलं. पुन्हा कागद बघितला. मग म्हणाले, "हा ज्याने काढला तो हुशार आहे. पण बाण का नाही काढला? एक बाण. एवढा." आणि बोटाचं पेर दाखवलं.

मग हळूच म्हणाले, "काकूला सांगताना दक्षिण-बिक्षिण काढू नका. रस्ता बंद होता म्हणा." मी तसं म्हटलं नाही, खरं तेच काकूंना सांगितलं. त्यांनी या वयात एवढं ऐकायला हरकत नाही.

आता तुझं. हे नीट वाच, मी थकले आहे आणि पुन्हा लिहायची नाही. यावरून तुला काही झालेलं नाही असं सिद्ध होत नाही. मी डॉक्टर नाही आणि बाबांचं मी पाहिलं आहे. तू विसरतोस, तू दारात थबकतोस, ते खरं असेल. डॉक्टरकडे जायचं ते जायचंच. तुझी बायको नंबर लावून बसली आहे. पण त्या दिवशी लॉबीत तू कागद बघितलास, रस्ता बघितलास आणि तुला चूक सापडली नाही, ती डोकं चाललं नाही म्हणून नव्हे. चूक कागदात नव्हतीच. बाई उत्तर वर धरून बोलत होत्या आणि तू नाकासमोर बघत होतास. दोघं बरोबर होतात. तेव्हापासून तू जे स्वतःला कोंडून घेतलंस, ते एका बाणापायी.

पोस्टाने हे जायला वेळ लागेल, म्हणून पानांचे फोटो काढून तुझ्या बायकोला पाठवते आहे. ती वाचून दाखवेल. कान बंद करू नकोस.

आणि मी घरी पोचले की तुमच्याकडे येणार आहे. नव्या घरी मी कधी आलेले नाही. न्यायला कुणी येऊ नका. मला नकाशा हवा.

ताई

१७ नोव्हेंबर, सकाळ

तुमच्या गावच्या स्टँडवर बसून लिहिते आहे. चहा पिऊन झाला, तो चहा नव्हता. बाकाचा एक पाय आखूड आहे, म्हणून अक्षर असं.

तुझं पाकीट मागच्या आठवड्यात मिळालं. आत चिठ्ठी नाही, ख्यालीखुशाली नाही, 'ती. ताईस' एवढंसुद्धा नाही. तुझा स्वभाव. फक्त कागद. मी तो उजेडात धरून बघितला. रबराने खोडलेलं खूप आहे. दवाखान्याचा चौकोन आधी डावीकडे होता, मग उजवीकडे आला. मला वाईट वाटलं, मग वाटलं, खोडलं आहे म्हणजे तपासलं आहे.

तुझ्या बायकोने फोनवर सगळं सांगितलं. तुला कळू द्यायचं नव्हतं, पण मी लपवून ठेवण्यात कच्ची. म्हणाली, "ताई, पत्र ऐकून दोन दिवस घरातच होते. मग एका सकाळी चपला घातल्या आणि म्हणाले, स्टँडवर जाऊन येतो. मी म्हटलं, येऊ? तर म्हणाले, नको. मी लांबून मागे गेले. पिठाच्या गिरणीपाशी थांबले, इतका वेळ थांबले की मी धावणारच होते. मग खिशातून कागद काढला आणि त्यावर काहीतरी लिहिलं. पुढे गेले." परतताना तू चुकलास हेही तिने सांगितलं. एक गल्ली आधी वळलास. मग स्वतःच मागे फिरलास. डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या, अहवाल यायचा आहे. येऊ दे. जे असेल ते बघू. आपण दोघं याआधीही एकाने जागा धरून आणि एकाने शोधून दिवस काढले आहेत.

कागद मांडीवर आहे. खाली स्टँड, वर तुझं घर. पिठाची गिरणी, दवाखाना, पत्र्याची शेड असलेलं सायकलचं दुकान. गिरणीपाशी तू लिहिलं आहेस, 'इथे थांबलं तरी चालेल.' आणि वर उजव्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा, बाण. पहिल्यांदाच. टोक खाली आहे. खाली उत्तर.

मी कागद फिरवणार नाही. स्टँडच्या फाटकातून बाहेर पडणार आणि नाकासमोर चालणार.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुझ्या हातात देईन. समोरच्या कार्यालयात आज लग्न आहे, सनई लागली आहे. दुपारपर्यंत मी पोचले नाही तर समज, तुझाही नकाशा चुकला आणि ताई भलत्याच पंगतीत जेवते आहे. ये मग शोधायला. मी जागा सोडणार नाही.

ताई